कल्हईतलं शिसं

मंगळवार, ८ डिसेंबर १९४२

दुपारची पंगत उठली. मुक्ताबाई मागच्या अंगणात भांडी घासते आहे आणि मी कोठीच्या उंबऱ्यावर ही कोरी वही घेऊन बसले आहे. घरात बोलायला दुसरं कोणी नाही, आणि आजची बातमी पोटात ठेवणं मला जमणार नाही.

रेल्वेच्या साहेबानं सही केली. घाटात रुळांच्या कामावर आलेल्या बावीस माणसांचं दोन्ही वेळचं जेवण आता इंदिराबाईंच्या खानावळीत, म्हणजे माझ्याकडे. आधीची नऊ माणसं आहेतच. एकतीस पानं! हे गेले तेव्हा लोणावळ्याच्या स्टेशनरोडवरचे सगळे म्हणाले होते, ही बाई सहा महिन्यांत गाशा गुंडाळून तळेगावला दिराच्या दारात जाईल. नऊ वर्षं झाली. गेले नाही. आता तर जायला सवडही नाही.

माळ्यावरची मोठी तांब्याची पातेली काढली आणि नेमके आजच दत्तोबा कल्हईवाले आले. तळेगावाहून सकाळच्या गाडीनं येतात, महिन्यातून एकदा, अकरा वर्षं झाली. हे गेले त्याच्या चौदाव्या दिवशी न बोलावता आले होते. कोणी काही बोलायच्या आत म्हणाले, "वहिनी, भांडी काढा. उद्या चूल पेटवायची न्हवं?" मी उठले आणि भांडी काढली. त्यानंतर बसून राहिले नाही.

आज त्यांनी भट्टी पुढच्या अंगणात न लावता विहिरीच्या मागं लावली. "पुढं वारा हाय," म्हणाले. वारा नव्हता. अकरा भांडी दुपारच्या आत उरकली. चहा केला होता, त्यांना लागतो तसा, आलं जास्त आणि साखर कमी. गाडीची वेळ झाली म्हणून न घेताच गेले. गार झालेला चहा मीच प्यायले.

मुक्ताबाई म्हणते, "बाई, ह्या बारीला भांडी न्हेमीसारकी चमकत न्हाईत. काळपट दिसत्यात."

"तुझे डोळे काळपट झालेत," मी म्हटलं.

लढाई सुरू झाल्यापासून कल्हईला लागणारं कथील मिळेनासं झालंय. मलायातून यायचं, तो मुलूख जपान्यांनी घेतला. खंडाळ्याच्या बंगल्यांना दत्तोबांनी साफ सांगितलं म्हणे, कथील नाही, कल्हई बंद. माझी मात्र केली, आणि जुन्याच दरानं. माणूस असावा तर असा.

शनिवार, १९ डिसेंबर

आज गेणूनं पंगतीत तोंड वाकडं केलं. हा यार्डात रुळांचे सांधे बदलणारा, सुदुंबऱ्याचा, चार वर्षं माझ्याकडे जेवतो.

"बाई, आमटीला कायतरी गोडूस चव लागतीया. आन चार दिस पोट लय कळा करतंय."

सगळी पंगत ऐकत होती. मी वाढणं थांबवलं नाही. "गेणू, माझ्या आमटीत तुझ्या बापजन्मी कोणाला कळ आली नाही. यार्डातला तंबाखू कमी कर."

लोक हसले. गेणू हसला नाही. आमटी उरलीच, म्हणून पातेल्यात ठेवली. सकाळी मुक्ताबाई भाताशी खाते. चिंचेची आमटी तिला मुरलेलीच आवडते. माझ्याकडच्या कामवालीला शिळं का होईना, पोटभर मिळतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

सोमवार, २८ डिसेंबर

आणखी तिघांनी पोट धरलं. मी चिंच बदलली, आमसुलं उन्हात घातली, डाळ निवडून घेतली. मग वाटलं, ही वांगी. नंदाबाई बाजारात भाजी विकते, तिच्याकडून रोजची टोपली येते. आज भर बाजारात तिच्यासमोर टोपली उपडी केली.

"तुझ्या किडक्या भाजीनं माझी माणसं आजारी पडतात!"

"बाई, सकाळी तोडलेली हायती. ह्या हातानं." तिनं हात पुढं केले. मी बघितले नाहीत. लोक जमले होते, आणि जमले म्हणून मला आणखी चेव आला. उद्यापासून दुसरीकडून भाजी.

मुक्ताबाईचंही काहीतरी बिनसलंय. तिच्या हातून वरवंटा सुटला, पाटा फुटता फुटता वाचला. मी ओरडले. "मनगटात जीवच न्हाई बाई," म्हणाली. सहा दिवस शौचाला झालेलं नाही म्हणे. ओवा आणि एरंडेल दिलं. बरं वाटावं म्हणून उरलेलं ताकही दिलं, कालपासून मोठ्या पातेल्यात होतं ते.

मंगळवार, ५ जानेवारी १९४३

दत्तोबा आले. या वेळी त्यांनाच विचारायचं ठरवलं होतं, कारण भांड्यांतलं त्यांच्याइतकं कोणाला कळतं?

"दत्तोबा, माणसांची पोटं दुखतायत. कल्हईत काही कमीजास्त?"

ते भात्याशी वाकले होते. वर बघितलं नाही. "चिंच जुनी आसंल, वहिनी. न्हाईतर कोळशाच्या पोत्यातनं आली आसंल."

"चिंच बदलली."

"मग पानी."

विहिरीचं पाणी सगळी आळी पिते, कोणाला काही नाही. पण दत्तोबा म्हणतात म्हणजे बघायला हवं. विहिरीत पोटॅश टाकून घेणार आहे.

फार खंगलेत ते. डोळ्यांखाली काळं आलंय. आज चहा घेतला, पण पेला दोन्ही हातांत धरून नुसते बसून राहिले. मी म्हटलं, तुमच्याशिवाय ही खानावळ चालली नसती, खरं सांगते. त्यावर पेला तसाच ठेवून उठले आणि पुन्हा भट्टीशी गेले. मी काही चुकीचं बोलले का?

गुरुवार, १४ जानेवारी. संक्रांत

तिळगुळाच्या वड्या थापल्या, वाटायच्या राहून गेल्या.

गेणू पानावरच वाकडा झाला. पोटात गुडघे घेऊन जमिनीवर लोळत होता आणि दात असे आवळलेले की बोलता येईना. चौघांनी उचलून रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. मी मागोमाग गेले, गुळाचे हात तसेच. मुक्ताबाईलाही सोबत ओढून नेलं, कारण आज तिला ओंजळभर पाणीसुद्धा धरता येत नव्हतं.

डॉक्टर वयस्क आहेत, कमी बोलतात. त्यांनी गेणूचा ओठ वर केला, मग मुक्ताबाईचा. मला जवळ बोलावलं. "बघा."

हिरड्यांवर, दातांच्या कडेकडेनं, निळसर काळी रेघ. शाईनं ओढल्यासारखी. मुक्ताबाईची जास्त ठळक.

"हे शिसं आहे. जेवण कशात शिजतं?"

"तांब्याच्या भांड्यांत. पण कल्हई आहे. महिन्याच्या महिन्याला."

"कोणाची?"

मी दत्तोबांचं नाव सांगितलं आणि वर म्हटलं, त्यांच्यावर शंका घेऊ नका. डॉक्टर म्हणाले, "आंबट पदार्थ भांड्यात रात्रभर राहतात का? ते कोण खातं?"

उत्तर मुक्ताबाईनं दिलं. "मीच की. बाई कदी वाया जाऊ देत न्हाईत."

शुक्रवार, १५ जानेवारी

सकाळी स्टेशनातल्या सिग्नलच्या मिस्त्रीला विचारलं, कथील आणि शिसं ओळखायचं कसं. तो म्हणाला, पांढरं फडकं घासा. कथील फडक्याला लागत नाही. शिसं काळं करतं.

आमटीचं पातेलं घेतलं. ह्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा पाण्यात बुडवून घासला. काळा. परात घासली. काळी. अकराच्या अकरा.

विहिरीमागच्या राखेत गेल्या आठवड्यातला वितळलेला एक थेंब पडला होता, बोराएवढा. त्याचं टोक या पानावर ओढते आहे. ही बघा रेघ. पेन्सिलीसारखी. त्याच्या हातची.

अकरा वर्षं मी या माणसाची भांडी फिरवूनही बघितली नाहीत.

आज चूल पेटवली नाही. माणसांना पोहे दिले, लोखंडी कढईतले.

शनिवार, १६ जानेवारी

तळेगावला जाऊन आले. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मीच त्यात मऊपणा घालीन.

त्याचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला आहे. कधी गेले नव्हते. भाता गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेला, भट्टीत राख गार. पुढं पत्र्याचे चार डबे मांडलेले, ते सांधून पोट भरतोय. मला बघून उभा राहिला. मी फडकं त्याच्यापुढं टाकलं.

"हे काय आहे?"

त्यानं फडकं उचलून बोटांत चोळलं. मग म्हणाला, "डाख हाय. पत्रं सांधायचा. निम्मं शिसं आसतं त्यात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"माहीत असून लावलंत?"

"वाटलं, थोडकं हाय. पातळ वढलं तर बाधायचं न्हाई. मग पोटं दुकत्यात म्हनालात, तवा… तवा तोंड उगडंना."

"खंडाळ्याच्या बंगल्यांना नाही म्हणालात. इथल्या सावकारांना नाही म्हणालात. कथील नाही म्हणून सगळ्यांची दारं बंद केलीत. मग मलाच का?"

त्यानं मान वर केली. कधी नव्हे ते सरळ माझ्याकडे बघितलं. "तुमाला न्हाई म्हनलो आसतो, तर महिन्याचं यनं कशापायी व्हतं, वहिनी?"

असलं कसलं उत्तर! येणं बंद झालं असतं तर झालं असतं. एकटीच बाई, हिला काय कळतंय, हिच्या गळ्यात काहीही मारावं, असंच ना? सबंध तालुक्यात फसवायला मीच सापडले. मी सांगितलं, माझी मुक्ताबाई ओंजळ धरू शकत नाही. गेणू दवाखान्यात लोळतोय. चार दिवसांत लोणावळ्याला यायचं, दिवसाउजेडी, माणसांसमोर, आणि प्रत्येक भांडं स्वतःच्या हातानं खरवडायचं. नाही आलात तर मी फडकं घेऊन या पेठेच्या दुकानादुकानांत जाईन.

तो दुकानाच्या पायरीपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

तिथून थोरल्या दिराकडे गेले. दीनानाथ भाऊजी शाळेत मास्तर आहेत, शांत डोक्याचे म्हणून नावाजलेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "धान्य खराब होतं म्हणून सांग. सरकारी धान्याला सध्या सगळेच शिव्या घालतायत, लगेच पटेल. भांडी गुपचूप बदल."

"आणि माणसं?"

"बरी होतील. नाव गेलं तर ते बरं होणार नाही. शिवाय लोक विचारतील, हा माणूस अकरा वर्षं तुझ्याकडेच का येत होता."

"कल्हई करायला येत होता!"

"ते तू म्हणतेस," भाऊजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही. गाडीत बसल्यावर बघितलं तर मुठीत तिकिटाचा चुरगळा झाला होता. रागानंच. दुसरं काही नाही.

रविवार, १७ जानेवारी

पाटी लावली.

ओसरीच्या खांबावर, दारातून येणाऱ्याला पहिली दिसेल अशी. फळा मिळाला नाही म्हणून जुन्या खोक्याची फळी घेतली, चुन्यानं लिहिलं:

"या खानावळीच्या भांड्यांच्या कल्हईत शिसं होतं. ८ डिसेंबरपासून इथं जेवलेल्या प्रत्येकानं रेल्वेच्या डॉक्टरांना हिरड्या दाखवाव्या. आता जेवण मातीच्या आणि लोखंडी भांड्यांत होतं. इंदिराबाई."

सगळे जमल्यावर तोंडानंही सांगितलं. एकानं ताट भिरकावलं. एक गार्ड शांतपणे म्हणाला, "बाई, हे तुम्ही बोलला नसता तरी चाललं असतं." त्याला म्हटलं, तुम्हाला चाललं असतं, तुमच्या पोटाला नाही.

एकतीसपैकी संध्याकाळी अकरा आले. अकरांना गरम भाकरी आणि पिठलं वाढलं.

मंगळवार, १९ जानेवारी

ज्या वेळी टोपली उपडी केली होती त्याच वेळी बाजारात गेले, म्हणजे तेवढीच माणसं असतील. नंदाबाई मला बघून भाजीवर फडकं ओढायला लागली.

मी मोठ्यानं म्हटलं, "नंदाबाई, तुझी भाजी चांगली होती. माझी भांडी वाईट होती. मी खोटा आळ घेतला. या सगळ्यांनी तेव्हा ऐकलं, आता हेही ऐकावं."

तिनं भाजीवरचं फडकं परत काढलं. मग म्हणाली, "येवढं वरडू नका. गिऱ्हाइकं भ्याली." आणि एक वांगं उचलून माझ्या हातात दिलं. "हे निवडून बघा. कीड घावली तर सांगा." मी तिथंच मोडून दाखवलं. कीड नव्हती.

कुंभाराकडून सात मडकी आणली. माती नवी आहे, भाताला वास येतो. येऊ दे.

बुधवार, २७ जानेवारी

चार दिवस सांगितले होते, अकरा लागले. पण आला.

सकाळच्या गाडीनं, खांद्यावर वाळूचं पोतं. त्याच्या बिरादरीतले दोघं परवाच येऊन मला सुनावून गेले होते की तुम्ही एका कारागिराच्या अन्नात माती कालवलीत. मी त्यांना पाटी वाचून दाखवली. पाटीवर त्याचं नाव नाही. नाव मी लिहिलंच नव्हतं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. चूक त्याची होती, पण दार माझं आहे.

पुढच्या अंगणात बसवला, रस्त्यावरून दिसेल असा. वाळू, चिंच, काथ्या. पातेल्याच्या तळाशी हात जाईपर्यंत वाकून घासत होता. लोक येत होते, थांबत होते. मधल्या सुट्टीत रुळांवरची माणसं आली. कोणी विचारलं, "ह्योच काय त्यो?"

तो उठून उभा राहिला. "व्हय, मीच. शिसं हाय ठाऊक आसून लावलं. बाईंस्नी म्हाईत नव्हतं." आणि परत बसला. मी त्याला हे बोलायला सांगितलं नव्हतं.

मग मुक्ताबाई काठी टेकत आली. तेरा दिवस ती भावाच्या घरी पडून होती. त्याच्यासमोर उकिडवी बसली, ओठ वर केला आणि म्हणाली, "आबा, भांडी झाल्यावर ही रेघ बी घासा की."

त्याच्या हातातला काथ्या खाली पडला. माझ्या अंगणात, भर दुपारी, म्हातारा होत आलेला माणूस तोंडावर वाळूचे हात घेऊन रडला. लोक हळूहळू निघून गेले. मुक्ताबाई मात्र उठली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. दिवस लई वर आला. घासा."

तीन दिवसांचं काम आहे. तीन दिवस ते माझ्याकडेच जेवतील. मडक्यातलं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

साहेब आला. सोबत इंग्रजीतला कागद आणि तो मराठीत सांगणारा कारकून. साहेबाचं म्हणणं असं: दोष सर्वस्वी कल्हईवाल्याचा, खानावळवाली निर्दोष, असं लिहून सही करावी. पाटी काढावी, कारण रेल्वेची माणसं जेवतात तिथं अशी पाटी शोभत नाही. एवढं केलं की बावीस पानं परत सुरू.

कारकून चांगला आहे. हळूच म्हणाला, "सही करा बाई. खोटं काय त्यात?"

खोटं काय, ते मी त्याला सांगितलं. गेणूनं अकराव्या दिवशी चव बिघडल्याचं सांगितलं होतं. मी त्याची चेष्टा केली. सगळ्या गावात कथील नव्हतं आणि माझ्याकडे होतं, तेव्हा मी विचारलं नाही कुठून आणलं, उलट मिरवलं. आणि रात्रभर मुरलेली आमटी मुक्ताबाईच्या ताटात कल्हईवाल्यानं वाढली नव्हती. मी वाढली. वर उपकार केल्यासारखी वाढली. "सर्वस्वी" हा शब्द काढा, सही करते.

कारकुनानं साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, शब्द निघणार नाही.

"मग पाटीही निघणार नाही," मी म्हटलं.

करार गेला. कागद घडी घालून घेऊन गेले. मी दुपारभर चुलीशी बसून मनात त्यांच्याशी भांडत होते, आणि प्रत्येक वेळी मीच जिंकत होते, तरी बावीस पानं परत आली नाहीत. घाबरले आहे, हे इथं लिहायला हरकत नाही.

शनिवार, १३ फेब्रुवारी

गेणू दवाखान्यातून सुटला. हडकलाय. सोबत रुळांवरची आठ माणसं घेऊन आला.

"साहेबाचं जेवान साहेबानं जेवावं," म्हणाला. "आमी हितं जेवनार. जिथं चुकलं तर सांगत्यात तिथं." मग पानावर बसून म्हणाला, "पर बाई, मडक्यातल्या भाताला मातीचा वास येतोय बरं का."

"येतो," मी म्हटलं. "पुढच्या वेळी आणखी मोठ्यानं सांग."

सोमवार, १ मार्च

मुक्ताबाईनं आज ओंजळीत पाणी धरलं. बोटांतून गळलं, पण प्यायली. तिला आता माझ्या पंगतीबरोबर, ताज्या ताटावर बसवते. पहिल्या दिवशी तिला लाज वाटली. मला जास्त.

पुण्याच्या कचेरीत कथिलाच्या परवान्यासाठी तिसरा अर्ज धाडला. पहिले दोन परत आले. एकावर लिहिलं होतं, अर्जदार स्त्री असून कल्हईचा व्यवसाय करत नाही. तिसऱ्यात लिहिलं, करणार आहे.

रागानं लिहिलं होतं. पाकीट टाकून परत येताना वाटलं, का नाही?

मंगळवार, १३ एप्रिल

परवाना आला. थोडंसंच कथील, अकरा भांड्यांना एकदा पुरेल एवढं. डॉक्टरांनी स्वतः होऊन शिफारस जोडली होती म्हणे.

दत्तोबांना निरोप धाडला होता. आले, आणि सवयीनं भाता उलगडायला लागले. मी म्हटलं, "थांबा. तुम्ही नाही करायची. मला शिकवायची."

"वहिनी, बायामानसांचं काम न्हाई ते. चटकं बसत्यात. धूर."

"नऊ वर्षं चुलीपुढं काय मला चांदणं लागतंय? मला दुसऱ्याच्या शब्दावर एकही भांडं चुलीवर चढवायचं नाही. तुमच्याही नाही. शिकवणार असाल तर बसा, नाहीतर पुढची गाडी आहे."

ते बसले. भट्टी पुढच्या अंगणात. भाता मुक्ताबाईनं धरला, पायानं दाबत, कारण मनगटं अजून पुरती आली नाहीत. पहिल्यांदा त्यांनी मला कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवायला सांगितली. आतून करकर आवाज आला, बर्फ चिरडल्यासारखा. "आसली हाय," म्हणाले. "शिसं मुकं आसतं. वाकवलं तरी बोलत न्हाई." मी अकरा वेळा वाकवून ऐकली.

मग तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला. पांढरा धूर नाकात गेला, डोळे भरले. कांडी टेकवली, कापसाच्या बोळ्यानं फिरवली. डावा अंगठा भाजला. ओसरीवर गेणू आणि चौघं टाळ्या पिटत होते. त्यांना सांगितलं, टाळ्या पिटणाऱ्याला आज वाढणार नाही.

पातेलं पाण्यात बुडवून काढलं. मला छान दिसलं. कडेला दोन-चार ठिकाणी तांबडं राहिलं होतं, पण पहिलंच, म्हटलं चालेल.

दत्तोबांनी ते हातात घेतलं, उन्हाकडे धरून फिरवलं, आत बोट फिरवलं. त्यांचा चेहरा कठीण झाला.

"न्हाई चालायचं, वहिनी."

"कुठं राहिलंय एवढं?"

"हितं. हितं. आन बुडाला गाठ झालीया. वाईट काम हाय. खरवडा."

"अंगठा भाजलाय माझा!"

"पाण्यात घाला. मग खरवडा."

मुक्ताबाई भात्यावरून खो खो हसली. मी त्यांच्याकडे रागानं बघितलं, ते मात्र नजर न हलवता माझ्याकडे बघत होते, हातात पातेलं तसंच धरून. मी ते ओढून घेतलं, वाळू घेतली आणि घासायला बसले.

दुसऱ्यांदाही नापास केलं. तिसऱ्यांदा आत बोट फिरवलं, पातेलं माझ्यापुढं उपडं ठेवून म्हणाले, आता चहा टाका. आलं जरा जास्त.

अजून दहा भांडी आहेत. उद्या सकाळच्या गाडीनं पुन्हा येतील.